‘दमन्हूरी’ उडी अर्जदाराच्या नावावरून उतरवणेबाबत

प्रति,
मा. उस्ताझ वजदी अल-शाफई,
व्यवस्थापक, मुलींचा राष्ट्रीय संघ,
संघनिवड कार्यालय, पाचवा मजला,
नस्र सिटी, कैरो.

विषय : परवाच्या स्पर्धेत व्हॉल्टवरून अर्जदाराचे नाव कमी करून राखीव खेळाडूचे नाव घालण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील मदाम इनआम यांनी काल दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

अर्जदार जुमाना साबिर अल-दमन्हूरी, वय सोळा, राहणार अलेक्झांड्रिया, सध्या मुक्काम संघाचे वसतिगृह, आपणास आदरपूर्वक कळवते की :

१. परवा गुरुवारी सुरू होणाऱ्या आफ्रिकी जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत अर्जदाराच्या नावासमोर तीन साधने लिहिली आहेत : असमान बार, बीम आणि व्हॉल्ट. पैकी बार आणि बीम अर्जदार करील. व्हॉल्टवरून तिचे नाव काढावे आणि तिथे मेरीहान शाकिर हिचे घालावे, एवढीच या अर्जाची मागणी आहे. मेरीहान संघातच आहे. तिची उडी सोपी आहे आणि ती दर वेळी पायांवर उतरते. नियमाप्रमाणे हा बदल उद्या दुपारपर्यंत करता येतो आणि त्याला फक्त आपली सही लागते.

२. कारण असे की अर्जदाराला हवेत जमीन सापडेनाशी झाली आहे.

हेच वाक्य काल आपल्या कार्यालयात सांगितले तेव्हा मदाम इनआम यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, “जमीन कुठे जाणार गं पोरी? खालीच असते ती.” अर्जदाराने पुन्हा समजावून सांगितले. त्यावर मदाम म्हणाल्या, “भीती वाटते म्हण ना सरळ. मला लिफ्टची भीती वाटते, म्हणून मी कामावर यायची थांबले का? रोज पाच मजले चढून येते. हे बघ गुडघे.” गुडघे सुजलेले होते, हे अर्जदार मान्य करते. आपली भेट मिळेल का असे विचारल्यावर, “उस्ताझ वजदी तोंडी काही ऐकत नसतात. काय ते लिहून आण, आणि सरळ ओळीत लिही, त्यांना चष्मा लागलाय,” असे सांगण्यात आले. म्हणून हा अर्ज.

३. उडी अशी आहे. अर्जदार धावत येते, हातांवर उलटून स्प्रिंगबोर्डवर पाठमोरी पोहोचते, व्हॉल्टच्या टेबलाकडे झेपावताना अर्धी वळते, टेबलावर हात टेकते आणि हातांनी ढकलून वर जाते. तिथून खाली येईपर्यंत शरीर सरळ ठेवून एक कोलांटी आणि त्या कोलांटीतच अडीच गिरक्या. सगळे एका श्वासात होते. डोळ्यांना नीट असे काही दिसत नाही. छताचे दिवे, मग निळी गादी, मग पुन्हा दिवे, असे ओझरते दिसत जाते आणि त्यावरून शरीराला कळते की आता थांबायचे, आता पाय खाली घ्यायचे. अर्जदाराला हे कधी मोजावे लागले नव्हते. आता दिवे दिसतात, पण ते पहिले की दुसरे ते कळत नाही. शरीर मध्येच एखादी गिरकी सोडून देते, नाहीतर न सांगितलेली घेते. जमीन आली हे ती लागल्यावरच समजते.

प्रकार आता या एका उडीपुरता राहिलेला नाही. आधी तो व्हॉल्टवर होता. मग सरावाच्या गादीवरच्या साध्या गिरकीत आला. गेल्या आठवड्यात वसतिगृहाच्या जिन्याची शेवटची पायरी अर्जदाराने सवयीने उडी मारून ओलांडली, तर ती हवेतच अर्धी वळली आणि पाठमोरी उतरली. हातात मसुराच्या सुपाचा वाडगा होता. भिंत माखली. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, “बाई गं, संघात आलीस ठीक आहे, पण माझ्या सुपालाही गिरकी?” सगळ्या मुली हसल्या. अर्जदारही हसली. नंतर ती भिंतीला हात लावून वर गेली आणि आता रोज भिंतीला हात लावूनच जिना उतरते.

४. आपल्या कार्यालयाचा असा समज आहे की अर्जदाराला ही उडी येते. तो कसा झाला, हे नोंदवणे आवश्यक आहे.

अलेक्झांड्रियात अर्जदाराच्या क्लबच्या हॉलमध्ये टेबलापुढे फोमचा खड्डा आहे. नवी उडी आधी त्या खड्ड्यात शिकतात. ती बसू लागली की खड्ड्यावर मऊ गाद्यांचे थर रचतात आणि सगळ्यांत वर स्पर्धेतल्यासारखी निळी गादी पातळ अंथरतात. मुलीच्या डोळ्यांना त्या निळ्याची सवय व्हावी, हाडे मात्र मऊवर पडावीत, हा हेतू. अर्जदाराच्या प्रशिक्षक कॅप्टन नशवा असे करतात आणि बाकीचेही करतात. हॉलमधल्या लहान मुलीलासुद्धा हे ठाऊक असते, कारण उतरणारीचे पाय पोटऱ्यांपर्यंत आत गेलेले तिला दिसतात.

क्लबच्या व्यवस्थापकांनी अर्जदाराची उडी फोनवर टिपली ती कमरेच्या वरची. पोरीचा चेहरा यायला हवा म्हणून. पाय दिसत नाहीत, कडेला निळे तेवढे दिसते. ते चित्रण आपल्यापर्यंत पोहोचले आणि मुलीचा डोळा फसावा म्हणून अंथरलेल्या गादीने कार्यालय फसले. यात कोणी लबाडी केली असे अर्जदाराचे म्हणणे नाही. ही उडी जमिनीवर कधीच उतरलेली नव्हती, एवढेच तिचे म्हणणे आहे.

पुढे काय झाले ते आपणास माहीत आहे. मुलींच्या स्पर्धेत ही उडी अजून कोणी केलेली नाही, जी पहिली करील तिचे आडनाव नियमांच्या पुस्तकात उडीला मिळेल, असे वर्तमानपत्रांना कळवले गेले. पुलाजवळच्या वळणावर फलक लागला : ‘दमन्हूरी. जगाला इजिप्तची उडी.’ अर्जदार त्यात आडवी, हवेत आहे. सरावाला जाताना संघाची बस तिथून वळते तेव्हा मुली टाळ्या वाजवतात. अर्जदार बुटाची नाडी बांधायला वाकते.

५. संघाच्या सराव शिबिरात आल्यावर खरी गादी मिळाली. पहिल्या प्रयत्नात अर्जदार गुडघ्यांवर आली. दुसऱ्या प्रयत्नात डाव्या खांद्यावर आणि मानेवर. उडी संपली की पंचांकडे वळून हात वर करायचे, ही सवय इतकी पक्की आहे की ती उठली आणि तिने पंचांच्या रिकाम्या खुर्च्यांकडे वळून हात वर केले.

मेरीहान जवळच होती. ती तोंडाने फटकळ आहे, पण मनाने वाईट नाही. म्हणाली, “तुझं बरंय बाई. तू पडलीस तर पुस्तकात नाव. मी पडले तर म्हणणार, मेरीहान पडली, पुढची पाठवा.” अर्जदाराने विचारले, “माझ्याऐवजी उडशील?” ती म्हणाली, “उडेन की. माझी बिचारी एक गिरकीची उडी. पण तुझे साहेब मला फलकावर कुठे चिकटवणार?”

शिबिराच्या डॉक्टरांनी मान तपासली, क्ष-किरण छायाचित्र काढले. हाड शाबूत आहे. अर्जदाराने हवेतला प्रकार सांगितला. डॉक्टर सज्जन आहेत, त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “बेटा, मोडलं असतं तर मी आत्ता लिहून दिलं असतं. न मोडलेल्याचं मी काय लिहू?” अर्जदाराने विचारले की मोडल्यानंतर लिहून दिले तर त्याचा उपयोग कोणाला? त्यांनी टेबलावरचा कागद थोडा पुढे सरकवला, पुन्हा मागे घेतला आणि ‘खेळण्यास योग्य’ असा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

६. अर्जावर पालकांची सही नाही. त्याचा खुलासा असा.

गेल्या शुक्रवारी अर्जदार सुट्टीवर घरी गेली होती. तिचे वडील बंदरात क्रेन चालवतात. तिने त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मी रोज त्या खोक्यात चढतो की नाही? खाली बघायचं नाही, बस्स.” अर्जदाराने सांगितले की बाबा, मला खालीच बघायचे असते, पण खाली कुठे ते सापडत नाही. ते हसले. मग हसू मावळले, पण सही केली नाही. म्हणाले, “जूजू, आपलं आडनाव आजवर फक्त विजेच्या बिलावर छापून आलं. आता बंदरातली माणसं मला उठून जागा देतात. त्यांना मी काय सांगू, पोरगी घाबरली?” अर्जदार म्हणाली, हो, तसेच सांगा. वडील गच्चीवर निघून गेले आणि जेवायला खाली आले नाहीत.

अर्जदाराच्या आईचे मत निराळे आहे. तिच्या मते ही नजर आहे. तिने कागदाची बाहुली कापली आणि सुईने टोचत एकेकाचे नाव घेतले : शेजारीण, शेजारणीची सून, मेरीहान, वर्तमानपत्रवाला. हे करताना तिने, महोदय, आपलेही नाव घेतले. अर्जदाराने तिला थांबवले नाही, याबद्दल ती आपली क्षमा मागते. बाहुली जाळली, राख जिन्यात टाकली. आई म्हणाली, “झालं. आता ऊड.” दुसऱ्या दिवशी अर्जदाराने खाटेवरून नुसती उडी मारून पाहिली. तिला काहीही वेगळे वाटले नाही. हे तिने आईला सांगितलेले नाही.

७. शिबिरात अर्जदाराबरोबर आलेल्या कॅप्टन नशवा यांचीही सही नाही. त्यांच्यावर ठपका ठेवू नये. त्यांनी सही नाकारताना जे कारण दिले ते अर्जदाराला पटते. त्या म्हणाल्या, “मी सही केली की उद्या तुझ्याजवळ दुसरी कॅप्टन उभी करतील. तुझा पाय कधी जड पडतो, तू श्वास कुठे धरतेस, तिला काय ठाऊक? मी असले तर निदान झेलायला हात तरी घालीन.” स्पर्धेत प्रशिक्षकाने हात घातला तर उडी बाद होते. अर्जदाराने तसे म्हटल्यावर त्या फणकारल्या, “होऊ दे बाद! बाद झालेली मुलगी घरी नेता येते.” नंतर त्यांनी खडूने भरलेले हात मांडीवर पुसले. मग म्हणाल्या, “पण मी पोहोचेन का गं वेळेवर?”

महोदय, अर्जदाराने कॅप्टनना असा प्रश्न विचारताना यापूर्वी कधी ऐकलेले नाही. आजवर प्रश्न मुली विचारत आणि उत्तर त्या देत.

अर्जदाराच्या क्लबमध्ये व्हॉल्टजवळ एक नाव कोणी उच्चारत नाही. ते इंजी. अर्जदाराच्या आधी ती क्लबची पहिल्या क्रमांकाची मुलगी होती आणि तिलाही कॅप्टन नशवा यांनीच शिकवले. तिचा फोटो पदकांसह दारात लावलेला आहे. ती आता तंता शहरात आईवडिलांकडे असते. मानेखाली तिला काही हलवता येत नाही. तिची आई तिला भरवते आणि केस विंचरते. गेल्या ईदला कॅप्टन अर्जदाराला तिच्याकडे घेऊन गेल्या होत्या. इंजी गप्पिष्ट आहे. तिने अर्जदाराला नखे दाखवायला लावली, खडूने फुटलेल्या तळव्यांसाठी कोणते मलम लावतेस ते विचारले, कॅप्टन अजून तशाच ओरडतात का म्हणून चेष्टा केली. निघताना अर्जदाराने न राहवून विचारले की त्या दिवशी हवेत काय झाले. इंजी म्हणाली, “काहीच नाही गं. मला तर वाटलं, उतरले.”

८. आपल्या कार्यालयाची अडचण अर्जदार समजू शकते. फलक लागला आहे, पाहुणे यायचे आहेत. म्हणून कार्यालयाची अब्रू राहील असे काही पर्याय ती सुचवते.

उडी न करताच तिला नाव देता येत असेल तर द्यावे. अर्जदाराचे नको असल्यास आपले द्यावे. ‘शाफई उडी’ हे कानाला चांगले वाटते आणि अर्जदार त्यावर कधीही हक्क सांगणार नाही. फलक तसाच ठेवावा. त्या चित्रात अर्जदार हवेत आहे, उतरलेली दाखवलेली नाही, तेव्हा चित्र खोटे ठरत नाही. पाहुण्यांना सांगावे की मुलीला गोवर झाला. हवे तर अर्जदार अंगावर ठिपके काढून बाकावर बसेल. किंवा स्पर्धेच्या हॉलमध्ये खड्डा खणावा आणि वर निळी गादी अंथरावी. इतर देशांच्या मुली तक्रार करणार नाहीत, त्यांनाही माना आहेत.

यांतले काही लिहिताना अर्जदाराला स्वतःलाच ते वेड्यासारखे वाटत आहे. तरी खोडत नाही, कारण शेवटी आपल्याला कोणते पटेल ते तिला माहीत नाही. आणि यांतले काहीच पटले नाही तर गुरुवारी आपण सन्मानाच्या रांगेत न बसता खाली यावे, टेबलाच्या पलीकडे गादीजवळ उभे राहावे. वरून फक्त दिसते. खाली आवाजही ऐकू येतो.

९. आता अर्जदार अशी गोष्ट सांगते जी तिने कॅप्टननाही पूर्ण सांगितलेली नाही.

अर्ज नामंजूर झाला तर काय, याचा तिने विचार केला होता. नियम तिने वाचला आहे. खेळाडू धावपट्टीच्या टोकाला येते, पंचांना हात दाखवते, समोरचा दिवा लालचा हिरवा होतो. ठरलेल्या वेळात ती धावली नाही तर उडी बाद, गुण शून्य. तेव्हा तिने ठरवले की उभे राहायचे. कोणाशी भांडायचे नाही, काही बोलायचे नाही, नुसते उभे राहून वेळ जाऊ द्यायची. यात धैर्य लागत नाही आणि ते तिच्याकडे सध्या नाहीही.

काल आपल्या कार्यालयातून परतल्यावर संध्याकाळच्या सरावाला तिने हे करून पाहिले. स्पर्धेसारखाच सगळा क्रम होता, दिवाही लावला होता. तिने हात दाखवला. दिवा हिरवा झाला. उभे राहायचे, एवढेच मनात होते. पुढचे तिला कळले ते असे की पट्टी पायाखालून मागे चालली होती. आपण केव्हा निघालो हे तिला आठवत नाही. सहा वर्षांची असल्यापासून तिला हेच शिकवले आहे की हिरवे दिसले की निघायचे आणि विचार मागे सोडायचा. ती ते फार चांगले शिकली, म्हणूनच ती आपल्या संघात आहे. स्प्रिंगबोर्डच्या थोडे आधी ती किंचाळली आणि तिने स्वतःला बाजूला फेकले. कंबर टेबलाच्या खांबावरच्या गादीवर आपटली.

मेरीहान पळत आली. या खेपेला तिने चिडवले नाही. अर्जदाराजवळ खाली बसून म्हणाली, “थांबायचं होतं तर थांबायचंस ना, वेडे.”

अर्जदार म्हणाली, “थांबलेच होते.”

मेरीहानने तिच्याकडे पाहिले आणि मग ती कॅप्टनना हाका मारू लागली.

काल बाजूला पडता आले. गुरुवारी हॉल भरलेला असेल, घोषणा होत असतील, तेव्हा तेवढे तरी जमेल याची खात्री अर्जदाराला देता येत नाही. आणि ती एकदा टेबलावरून वर गेली की पुढे तिच्या इच्छेला विचारणारे कोणी नाही. तिचे शरीर शिकवल्याप्रमाणे गिरकी घेऊ लागेल, आणि कुठे थांबायचे ते त्याला ठाऊक नसेल.

१०. सबब, वरील मूळ मागणी मान्य करून मेरीहान शाकिर हिचे नाव घालावे, ही पुन्हा विनंती.

ते शक्य नसेल तर अर्जदार आपल्याकडे यापुढे काही मागणार नाही, फक्त एवढे : पंचांच्या मेजावर आपण एक निरोप द्यावा. गुरुवारी अर्जदाराची पाळी येईल. तिचे नाव पुकारतील. ती धावपट्टीच्या टोकाला जाईल आणि हात वर करील, कारण नाव ऐकल्यावर तेही तिला टाळता येणार नाही. लोक ओरडतील, त्यांना ओरडू द्यावे. समोर लाल दिवा असेल. तो लालच ठेवावा. शून्य गुण लिहावे आणि कारण म्हणून आपल्या सोयीचे काहीही लिहावे, अर्जदार त्यावर सही करील. लाल असेपर्यंत ती जागची हलत नाही. कॅप्टन नशवा येतील, तिला दंडाला धरून पट्टीवरून खाली नेतील. त्या खाली नेईपर्यंत, महोदय, कृपा करून तो दिवा हिरवा करू नये.

उद्या सकाळपासून आपल्या कार्यालयाच्या जिन्यात उत्तरासाठी थांबणारी,

जुमाना साबिर अल-दमन्हूरी
(स्वाक्षरी)

ठिकाण : संघाचे वसतिगृह, कैरो
दिनांक : १४ ऑक्टोबर, मंगळवार

सोबत : शिबिराच्या डॉक्टरांचा दाखला, अर्जदार खेळण्यास योग्य असल्याबाबत.